भिंतीला उभी केलेली गाडी

भांडुपला टेकडीच्या बाजूला आमची बैठी चाळ आहे. पुढची खोली दहा बाय बारा. तिथे पूर्वी आईचं शिवणयंत्र होतं, आता भाचीची रेसिंग कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, असते. लांबी जवळजवळ दोन मीटर, रुंदी दीड मीटरच्या आत. आडवी ठेवली तर माणसाला चालायला जागा उरत नाही, म्हणून मी लोखंडी अँगलचा स्टँड बनवला आणि टाकी, कार्ब्युरेटर रिकामे करून गाडी मागच्या बंपरवर उभी केली. भिंतीला टेकून ती कपाटासारखी राहते. काम असेल तेव्हा भाची आणि मी दोघं मिळून खाली घेतो.

परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मी फिटर होतो. निवृत्त झालो त्याच वर्षी भाचीने ही गाडी पुण्याहून सेकंडहँड आणली. १२५ सीसीचं टू-स्ट्रोक रोटॅक्स मॅक्स इंजिन, वॉटर कूलिंग, जवळजवळ ३० हॉर्सपॉवर. हे इंजिन १९९७ मध्ये बाजारात आलं आणि आजही जगभर याच्यावर मुलं शर्यती शिकतात. आपल्या मुंबईचा रेसर जेहान दारूवाला २०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या निवडीतून पुढे आला, तोही कार्टिंगमधूनच. भाचीच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याचा फोटो चिकटवलेला आहे.

पहिल्या हंगामात आम्ही फक्त वस्तू घेतल्या. नवे टायर, नवं स्टिअरिंग व्हील, हलके मॅग्नेशियमचे रिम. एकेक वस्तू घरात आली की भाचीचा चेहरा फुलायचा, मलाही बरं वाटायचं. पण कोल्हापूरच्या ट्रॅकवर तक्रार तीच: "मामा, उजव्या वळणात गाडी पुढून ढकलतेय. मी स्टिअरिंग वळवते, ती सरळच जाते."

ही तक्रार समजायला गाडीची रचना समजली पाहिजे. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच जाड पोकळ ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतात, आमचा ॲक्सल ५० मिलीमीटरचा आहे. वळणात आतल्या चाकाला कमी अंतर जायचं असतं, बाहेरच्याला जास्त, पण ॲक्सल एकच असल्याने दोघंही सारखीच फिरतात. मग एकाला रस्त्यावर घासत जावं लागतं, इंजिन गुदमरतं आणि गाडी वळायला तयार होत नाही. यावर उपाय एकच, वळणात मागचं आतलं चाक जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. ते काम पुढची चाकं करतात. त्यांचे किंगपिन, म्हणजे चाक ज्या खिळ्याभोवती वळतं ते, तिरके बसवलेले असतात, त्यामुळे स्टिअरिंग वळवलं की पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर जातं. वजन कर्णावर जातं, चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, पिळली जाते आणि मागचं आतलं चाक हलकं होऊन सुटतं. स्प्रिंग नाही, शॉक ॲब्सॉर्बर नाही. क्रोम-मॉली स्टीलचे पाइपच स्प्रिंगचं काम करतात. मी आयुष्यभर डब्यांखालच्या चाकांच्या बोगी पाहिल्या, त्यात स्प्रिंग वेगळी आणि सांगाडा वेगळा. इथे सांगाडाच स्प्रिंग आहे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नाही.

सांगाडा स्प्रिंग असेल तर तो सरळ आहे का, हे आधी बघायला हवं होतं. आम्ही ते सोडून रिम घेत बसलो होतो.

मापायचं कसं? चारही चाकांखाली वजनकाटा हवा. घरात वापरतात तसे चार डिजिटल काटे आणले. आधी वीस लिटर पाण्याचा एकच कॅन चौघांवर ठेवून पाहिला. एक काटा तीनशे ग्रॅम जास्त दाखवत होता, त्यावर पेनाने लिहून ठेवलं. खरी अडचण जमिनीची होती. बैठ्या चाळीतली फरशी मोरीकडे उतरती असते, पाणी वाहून जावं म्हणून. त्या उतारावर गाडीचं वजन मापणं म्हणजे स्वतःची फसवणूक. मग आमच्या गल्लीतल्या गवंड्याकडून पाणसळीची पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरून चार कोपऱ्यांवर एकसारखी पातळी आखली आणि काट्यांखाली प्लायवुडचे तुकडे, पत्र्याच्या चकत्या घालून चारही पृष्ठभाग एका रेषेत आणले. एक रविवार यातच गेला. मग सगळे कपडे, हेल्मेट, बूट घालून भाची सीटवर बसली, श्वाससुद्धा बेतानं घेत.

एकूण १६० किलो. पुढे डावीकडे ३८, उजवीकडे ३१. मागे डावीकडे ४३, उजवीकडे ४८. पुढे-मागे वाटणी ठीक होती, साधारण ४३ टक्के पुढे. डावी बाजू ८१, उजवी ७९, तेही ठीक. इंजिन उजवीकडे असतं म्हणून सीट थोडी डावीकडे सरकवलेली असते, ती वाटणी चांगली जमली होती. पण कर्ण बघा: पुढचा डावा आणि मागचा उजवा मिळून ८६, दुसरा कर्ण ७४. उजव्या वळणात मागचं उजवं चाक उचललं जायला हवं, आणि सर्वांत जास्त वजन नेमकं त्याच्यावर बसलेलं. मुलीची तक्रार शंभर टक्के खरी होती. मी तिला दोन महिने "ब्रेक जरा आधी सोड" म्हणून सांगत होतो. तिची त्याच दिवशी माफी मागितली.

पुढच्या चाकांच्या आखूड दांड्यांच्या, म्हणजे स्टब ॲक्सलच्या, वॉशर बदलून पुढची उंची जुळवली, कर्ण बराचसा सारखा झाला. मग तिला उतरायला सांगितलं, माप टिकतं का ते बघायला गाडी उचलून दोनदा आपटली, तिला पुन्हा बसवलं. आकडे तीन किलोने बदलले. पुन्हा आपटली, पुन्हा बदलले. वर्कशॉपमध्ये आमचे उस्ताद सांगायचे, माप चुकीचं आलं तर दुरुस्त करता येतं, पण माप टिकत नसेल तर काहीतरी सैल आहे नाहीतर फुटलंय. सगळे बोल्ट तपासले, सैल काही नव्हतं.

मग तडा शोधायला जुनी रेल्वेची पद्धत वापरली. तेल आणि खडूची. पूर्वी ॲक्सलचे तडे असेच शोधायचे. पाइप स्वच्छ पुसायचा, पातळ तेल लावून मुरू द्यायचं, पुन्हा कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड लावायची. तडा असेल तर आत मुरलेलं तेल थोड्या वेळाने वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. रॉकेल आता आमच्याकडे मिळत नाही, म्हणून डिझेल वापरलं. वेल्डच्या जागेवरचा रंग आधी खरवडून काढला, रंगाखाली तेल शिरत नाही. सीटच्या पट्ट्या तपासल्या, ॲक्सल बेअरिंगचे हँगर तपासले, काही नाही. शेवटी पायाखालचा पत्रा काढला. पुढचा आडवा पाइप डाव्या मुख्य पाइपला जिथे मिळतो, तिथे क्लिपच्या मागे, अर्ध्या वेल्डभर रेघ उमटली. भाचीने बोट ठेवलं आणि म्हणाली, "मामा, इतकी बारीक?"

बारीकच असते. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी ती कधी आपटली नाही असं सांगितलं होतं. असो.

क्रोम-मॉलीचं वेल्डिंग गल्लीतल्या ग्रिलवाल्याकडे करू नये. हे मी ग्रिलवाल्यांना कमी लेखून सांगत नाही, काम वेगळं आहे. तडा पूर्ण ग्राइंड करून काढावा लागतो, बरोबर फिलर रॉडने टिग वेल्डिंग करावं लागतं, आणि तापलेल्या जोडावर पाणी टाकायचं नाही. पाणी टाकलं की जोडाशेजारचा पाइप काचेसारखा ठिसूळ होतो. अंधेरी एमआयडीसीतल्या एका गाळ्यात माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने ते काम केलं. त्याच्याकडे सरफेस प्लेट, म्हणजे अगदी सपाट केलेली प्लेटही होती. चेसिस तिच्यावर ठेवल्यावर पिळलेली स्पष्ट दिसली, ती सावकाश दाबून सरळ केली.

ॲक्सलही तपासला. डायल गेज लावून हाताने फिरवला, मध्यापाशी काटा मिलीमीटरभर हलत होता. वाकलेला ॲक्सल ट्रॅकवर कळत नाही, पण बेअरिंग खातो आणि चेन उतरवतो. नवा मागवला. मीटरभराहून लांब ॲक्सल मस्जिद बंदरहून भांडुपपर्यंत लोकलच्या मालडब्यातून आणला, दोन माथाडी कामगारांनी तो दरवाजाशी धरून ठेवायला मदत केली. त्याच फेरीत नागदेवीच्या बाजारात पुढच्या चाकांचे १७ मिलीमीटर बोअरचे बेअरिंग घेतले. चेन मात्र नागदेवीत मिळत नाही. कार्टची २१९ नंबरची चेन असते, कड्यांमधलं अंतर पावणेआठ मिलीमीटरच्या आसपास, मोटरसायकलच्या चेनहून खूपच बारीक.

इंजिन आम्ही घरी उघडत नाही. त्याला सील असतं, ते तोडलं की शर्यतीत गाडी बाद. चाळीत ते सुरूही करत नाही, शेजारी तान्हं बाळ आहे आणि टू-स्ट्रोकचा धूर दहा बाय बाराच्या खोलीत कोंडतो. त्यामुळे घरचं सगळं काम शांततेत. बेअरिंगवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावायची आणि चाक हाताने फिरवायचं. इंजिनात हवा-पेट्रोल एकाच दिशेने सोडणाऱ्या रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या उजेडासमोर धरून फट दिसते का ते बघायचं. क्लच घासला किती, ते मोजायचं. भाचीचे कान माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहेत, ती डोळे मिटून ऐकते.

कार्ब्युरेटरचं मात्र मुंबईत जास्त बघावं लागतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गेल्या जुलैत फ्लोटच्या वाटीत थोडं पेट्रोल राहून गेलं, ऑगस्टमध्ये उघडली तर आत पांढरी पूड. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक अगदी बारीक, त्यात ती पूड अडकली तर इंजिनला पेट्रोल कमी मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेलं तेलही कमी, आणि पिस्टन जाम होतो. आता सराव संपला की ट्रॅकवरच वाटी रिकामी करून येतो. ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी ओढतं, ते हंगामात दोनदा बदलतो. आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, हवा पातळ, म्हणून तिथे मेन जेट मुंबईच्या अंदाजापेक्षा लहान लावायचा. प्लगचा रंग कॉफीसारखा आला की बरोबर. बाकी सगळं भाची वहीत लिहिते: तापमान, हवेचा दाब, जेट, टायरचं प्रेशर.

सगळं जुळवल्यावर पुन्हा काट्यांवर, त्याच क्रमाने: ३५, ३४, ४५.५, ४५.५. दोनदा आपटली. आकडे हलले नाहीत. बहिणीने आतून विचारलं, काय झालं, एवढे का ओरडताय.

छोट्या हत्तीत गाडी टाकून पहाटे कोल्हापूरला पोहोचलो. मी पिटमध्ये थांबलो नाही. त्या उजव्या वळणाच्या बाहेर टायरच्या भिंतीमागे जाऊन उकिडवा बसलो, नजर जमिनीलगत. तिसऱ्या फेरीत ती आली, ब्रेक, स्टिअरिंग, आणि मागच्या उजव्या चाकाखालून मला पलीकडचं गवत दिसलं. दोन बोटं उजेड. पुढच्या फेरीतही दिसलं, त्याच्या पुढच्याही.

आता पाऊस आहे. गाडी भिंतीला उभी आहे, ॲक्सलला ग्रीस चोपडलंय, चेन डब्यात तेलात बुडवलीय. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं सील मात्र पाझरतंय. शनिवारी भाचीची परीक्षा संपते, मग दोघं बसून ते उघडू.