फोनवर सांगता येणार नाही

दुपारी रहस्यकथा घेऊन आडवं व्हायचं, ही सवय काही सुटत नाही. काल पुस्तक निम्म्यावर आलं आणि तो भेटलाच. दरवेळी भेटतो. खुनी कोण ते याला कळलेलं असतं, पण सरळ नाव सांगेल तर शपथ! "फोनवर सांगता येणार नाही. उद्या सकाळी या, सगळं सांगतो." अरे बाबा, एवढंसं नाव, टाक ना सांगून! पण नाही. सकाळी दार नुसतं लोटलेलं, टेबलावरचा दिवा जळतोय आणि हा खुर्चीतच गार.

मला लळा असल्याच मंडळींचा. डिटेक्टिव्ह विक्षिप्त असणारच आणि इन्स्पेक्टर भलत्याला पकडणारच, त्याला त्याचाच पगार मिळतो. डिटेक्टिव्हचा मित्र मात्र बिचारा. एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४१ मध्ये पहिल्या डिटेक्टिव्हबरोबर हाही जन्माला घातला, पण त्याला साधं नावसुद्धा दिलं नाही. पुढे १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम केले. त्यात म्हटलंय, या मित्राची अक्कल सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचित, कमी असावी. म्हणजे आपल्याला हुशार वाटावं म्हणून याने जन्मभर बावळट राहायचं!

लहानपणी वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात कुणीतरी फॅमिली डॉक्टरच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल करून 'हाच!' लिहिलं होतं. मी चिडून पुस्तक मिटलं. रात्री राहवेना. पुढे वाचतो तर डॉक्टरचाच मुडदा पडलेला, आणि समासात तेच अक्षर, जरा बारीक झालेलं: 'नाही. मग नोकर.'

नोकरही नव्हता. कसा असेल? रहस्यकथा लिहिणाऱ्या एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्येच बजावून ठेवलंय की नोकराला खुनी करायचं नाही, ती फार सोपी पळवाट. गुन्हेगार कसा वजनदार हवा, सहसा संशय न येणारा.

थोडक्यात, खून करण्याइतकीही या नोकराची पत नाही. याने दार उघडायचं, प्रेत आधी बघायचं, किंचाळायचं, जबाब द्यायचा. शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा होतो ना, तेव्हा खुर्च्या मोजून बघा. याची धरलेलीच नसते.