औषधाच्या कपाटातली ब्रँडी

नाशिकात वाईनबद्दल बोलायला प्रत्येकजण तयार असतो, गंगापूर रोडला दोन चकरा मारलेला माणूससुद्धा ग्लास फिरवून "टॅनिन जरा जास्त आहे" वगैरे सांगतो, पण ब्रँडी म्हटलं की डायरेक्ट सर्दी-खोकला. आमच्याकडे पण तेच, ब्रँडीची चपटी बाटली कायम औषधाच्या कपाटात, व्हिक्सच्या शेजारी. पोरांच्या छातीला चोळायची, मोठ्यांनी गरम पाण्यातून घ्यायची. आणि निफाडचा पारा खाली गेला, बागेत रात्री शेकोट्या पेटल्या की मग तर विचारूच नका. (ब्रँडीने ऊब येते ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून, आतली उष्णता उलट बाहेर पडते, हे मामाला कितीदा सांगितलं तरी तो म्हणतो "तू पी गपचूप".)

तर या थंडीत ठरवलं की ब्रँडी (म्हणजे खरं तर द्राक्षाची वाईन उकळून, वाफ गार करून काढलेली दारू) जरा नीट, शेजारी शेजारी ठेवून चाखायची. बाहेरून येणाऱ्या मित्रांना आधीच सांगून ठेवलेलं, ड्युटी फ्रीमधून माणशी २ लिटर आणता येते, त्यात आपली एक बाटली बसतेच. असं करत फ्रान्सच्या कोन्याक आणि आर्मान्याक, स्पेनची हेरेझची ब्रँडी आणि पेरू देशाचा पिस्को जमला, आणि सोबत आपली नेहमीची दुकानातली. गच्चीवर बसलो, मी, मामा आणि कॉलेजचे दोन मित्र. चिवडा आधी बाजूला काढला, कारण तिखट एकदा जिभेवर बसलं की बाकी काही कळत नाही. ग्लास साधे वाईनचेच. ते मोठं फुग्यासारखं ग्लास दिसायला भारी पण नाक घातलं की नुसतं अल्कोहोल झोंबतं, आणि मेणबत्तीवर ग्लास गरम करायचा प्रकार तर अजिबात करू नका.

सुरुवात पिस्कोने केली कारण तो पाण्यासारखा पारदर्शक. पेरूमध्ये तो लाकडाला लावायचाच नाही असा नियम आहे, आणि पाणी घालून स्ट्रेंग्थ कमी करायची पण परवानगी नाही. त्यामुळे जे काही आहे ते द्राक्षाचं. वास घेतला आणि दिंडोरीकडे हंगामात ताजी द्राक्षं चिरडल्यावर जो गोडसर फुलासारखा वास येतो ना, एकदम तो. मामा म्हणाला "ही ब्रँडी नाहीच, ही तर हातभट्टी", पण ग्लास रिकामा त्यानेच पहिला केला.

मग कोन्याक, व्हीएसओपी, म्हणजे मिश्रणातली सगळ्यात तरुण दारू पण किमान ४ वर्षं ओकच्या पिंपात राहिलेली. इथे एक गोष्ट आपल्या द्राक्षवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. कोन्याकचं मुख्य द्राक्ष उनी ब्लां, त्याची वाईन आंबट आणि पातळ, अल्कोहोल ९-१० टक्क्यांच्या आसपास, तशी प्यायला काही खास नाही. पण तोच आंबटपणा वाईन टिकवतो, कारण डिस्टिलेशनला, म्हणजे उकळून दारू काढायला जाणाऱ्या वाईनमध्ये सल्फर घालत नाहीत. आणि अल्कोहोल कमी म्हणून तेवढीच दारू काढायला वाईन जास्त आटवावी लागते, म्हणजे सुवास पण जास्त गोळा होतो. म्हणजे आपली थॉमसन द्राक्षं खायला एक नंबर, पण खायला गोड ते ब्रँडीला चांगलंच असं काही नाही. तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळून ७० टक्क्यांच्या आसपास काढतात, म्हणून कोन्याक गुळगुळीत, सगळे कोपरे घासलेले. छान आहे. मला जरा जास्तच सभ्य वाटली.

आर्मान्याकने मात्र बाजी मारली. ती बहुतेक वेळा एकदाच, उभ्या कॉलमच्या भट्टीतून काढतात, ५२ ते ६० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे द्राक्षातला बराच "कचरा" तिच्यात राहतो आणि तोच कचरा नंतर लाकडात मुरून सुकलेला आलुबुखारा, तंबाखू, जुन्या कपाटाचा वास असं काय काय होतो. पहिला घोट खरखरीत लागला. पाण्याचे चार थेंब टाकले, दहा मिनिटं तशीच ठेवली, आणि मग जी उघडली! एक थेंब तळहातावर घासून बघा, अल्कोहोल उडून गेल्यावर जो वास मागे राहतो तो खोटं बोलत नाही.

हाच प्रयोग आपल्या नेहमीच्या बाटलीवर केला तर मागे राहिला व्हॅनिला इसेन्स, आणि थोड्या वेळाने तोही गेला. लेबल वाचा, बऱ्याच ब्रँडीत मुख्य माल न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे वास-चव नसलेलं अल्कोहोल, तो बहुतेक उसाच्या मळीचा, आणि द्राक्षाची ब्रँडी अगदी थोडी. रंगावर पण जाऊ नका, कॅरॅमल कोन्याकमध्येसुद्धा चालतो. राग एवढाच की देशाला द्राक्ष खाऊ घालणाऱ्या गावात बसून आपण उसाची ब्रँडी पितो. नाशिकच्याच सुला या वाईन कंपनीने जेनस नावाने द्राक्षाची ब्रँडी काढली तेव्हा वाटलं होतं आता लाईन लागेल इथे, पण तसं काही झालं नाही.

हेरेझची शेवटी घेतली ते बरं झालं, कारण ती शेरी या स्पॅनिश वाईनच्या जुन्या पिंपात, सोलेरा पद्धतीने मुरवतात, म्हणजे जुन्यात नवी भरत भरत, आणि तिला चक्क काळ्या मनुकांचा वास. गोडसर, जाडसर. मामाला हीच आवडली आणि त्याने लगेच थर्मासमधलं गरम पाणी ओतलं, आम्ही ओरडलो, पण चाखून बघितलं तर खरंच मस्त लागत होती.

पाच बाटल्यांत पैसे वसूल म्हणाल तर आर्मान्याक. पाहुणे आले तर कोन्याक, जेवणानंतर हेरेझ. आता सफरचंदाची काल्वादोस राहिलीये, कोणी फ्रान्सवरून येणार असेल तर आधी कळवा, बॅगेत जागा मी करून देतो.