बेंच अपडेट: खोटा जायरो पास, आता खरा सर्वो लूपमध्ये

मंडळी, माझ्या छोट्या विमानाचा ऑटोपायलट बोर्ड (विमान आपोआप उडवणारा छोटा कॉम्प्युटर) आता खोट्या सेन्सरवर अख्खं सर्किट मारतोय, टेकऑफ ते लँडिंग, आणि त्याला पत्ताच नाहीये की आपण घाटकोपरला टेबलावर पडलोय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. लॅपटॉपवर नुसता कोड चालवणं वेगळं, आणि खरा बोर्ड, खऱ्या वायरी, खरं फर्मवेअर (बोर्डात भरलेला प्रोग्रॅम) ठेवून फक्त बाहेरचं जग खोटं करणं वेगळं. मी हे दुसरं करतोय. एअरपोर्टच्या इतक्या जवळ रेड झोन, परवानगीशिवाय काही उडवायचं नाही, कर्जतकडे जावं तर पावसाळ्यात तेही बंद, मग सगळा जोर बेंचवरच निघणार ना.

आधी मी सेन्सरचे आकडे यूएसबीवरून थेट फर्मवेअरमध्ये सोडायचो. चालतं तसं, पण त्यात आयटूसीचा ड्रायव्हर (दोन वायरींवरून सेन्सरशी बोलणारा कोड) बायपास होतो, म्हणजे ज्या कोडवर सगळ्यात कमी भरवसा तोच टेस्टच्या बाहेर. म्हणून एमपीयू ६०५० (खरी सेन्सर चिप, आत फिरण्याचा वेग मोजणारा जायरो आणि प्रवेग मोजणारा ॲक्सिलरोमीटर) उपटला आणि त्याच्या जागी टीन्सी ४.० (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) बसवला. पत्ता तोच, हेक्स ६८, बोर्डाने ओळख विचारली की उत्तरही तेच. विमानाचं गणितसुद्धा टीन्सीवरच चालतं, कारण लॅपटॉप मध्येच दुसऱ्या कामाला लागला की टायमिंगची वाट लागते, त्याच्याकडे फक्त फ्लाइटगिअर या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये चित्र दाखवायचं काम. बोर्ड एका दमात १४ बाइट वाचतो, ६ ॲक्सिलरोमीटरचे, २ टेम्परेचरचे, ६ जायरोचे. ४०० किलोहर्ट्झवर पत्ता वगैरे धरून साधारण ०.४ मिलिसेकंद जातात आणि माझा लूप (सेन्सर वाचून विमान सावरण्याची एक फेरी) ४ मिलिसेकंदांचा, म्हणजे दहावा हिस्सा नुसता वाचण्यात गेला. लॅपटॉपवर हा वेळ कुठे दिसतच नाही.

खरी गंमत त्या १४ बाइटमध्ये आहे. प्रत्येक आकडा दोन बाइटचा, मोठा बाइट आधी जातो. वाचन चालू असताना टीन्सीने मध्येच नवीन आकडे भरले की मोठा बाइट जुना आणि छोटा नवा. समजा जायरो २५६ वरून २५५ वर आला, तर अशा वेळी बोर्डाला मिळणार ५११! २५० डिग्रीच्या रेंजवर म्हणजे सेकंदाला २ डिग्रीच्या जागी जवळपास ४. खरी चिप अख्खं वाचन संपेपर्यंत एकाच क्षणाचे आकडे धरून ठेवते, खोट्या चिपला ते शिकवावं लागतं, दोन बफर (आकडे साठवायच्या जागा) ठेवा आणि वाचन संपल्यावरच अदलाबदल करा.

आणि खोट्या आकड्यांत नॉइज (बारीक, कसाही होणारा चढउतार) घालाच. माझ्या फर्मवेअरमध्ये सेन्सर गोठला का ते बघणारा चेक आहे, सलग बरेच वेळा सगळे बाइट सेम आले की सेन्सर मेला असं धरतो. खरी चिप टेबलावर नुसती पडली असली तरी शेवटचे बिट वळवळत असतात, गणितातलं उभं विमान मात्र ठार स्थिर, त्यामुळे नॉइजशिवाय हा चेक आर्मिंगच (मोटर चालू करायची तयारी) होऊ देत नाही.

एवढा खटाटोप कशाला असं ज्यांना वाटतं त्यांनी एरियन ५ चं पहिलं उड्डाण आठवा, ४ जून १९९६. ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये मावला नाही आणि रॉकेट गेलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चौकशी अहवालात हेही आहे की सिम्युलेशनच्या टेस्टमध्ये, जिथे हा आकडा अडकला ते इनर्शियल युनिट (रॉकेटची दिशा-गती मोजणारं यंत्र) प्रत्यक्ष जोडलेलंच नव्हतं, त्याच्या जागी सॉफ्टवेअर होतं. मला तर हाच भाग जास्त टोचतो.

आता सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनाला वळणारी छोटी मोटर. आत्तापर्यंत गणितात एलेरॉन (पंखाच्या कडेची हलती पट्टी) सांगितल्या क्षणी हलायचा. आता खरा ९ ग्रॅमवाला सर्वो लावलाय, शाफ्टवर मॅग्नेट, समोर एएस५६०० (मॅग्नेटवरून कोन वाचणारा सेन्सर, लॅमिंग्टन रोडला मिळाला), तो जो कोन वाचतो तोच गणितात जातो. हा सर्वो ६० डिग्रीला कागदावर ०.१ सेकंद घेतो, त्यात पल्स (किती वळायचं ते सांगणारा सिग्नल) दर २० मिलिसेकंदांनी एकदाच, आणि एवढ्यानेच जो रोल गेन (विमान कलंडलं की किती जोरात सावरायचं तो आकडा) मख्खन वाटत होता त्यावर विमान डावी-उजवीकडे डुलायला लागलं. गेन उतरवला, आता ठीक आहे, पण सर्वोवर हवेचा लोड शून्य आहे, त्यामुळे हॉर्नला (सर्वोच्या शाफ्टवरचा छोटा दांडा) रबरबँड लावून बघणार. लोड नीट मोजून द्यायची स्वस्त आयडिया कुणाकडे असेल तर सांगा.