आमची वाटचाल : ‘हे माप कुठनं धरायचं?’

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये लेथशेजारच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक वही लोंबकळत असते. सध्याची सहावी. तिच्यात उत्तरं नाहीत, नुसते प्रश्न आहेत. विद्यार्थ्याचं ड्रॉइंग हातात घेतल्यावर टर्नर, फिटर किंवा वेल्डर जे काही विचारेल, ते त्या विद्यार्थ्यानं तिथल्या तिथं वहीत उतरवायचं आणि पुढं सही करायची. एका मुलाच्या साध्या ब्रॅकेटवर सत्तावीस प्रश्न निघाले होते. पोरगा मशीन ड्रॉइंगमध्ये कॉलेजात पहिला आलेला.

लोक विचारतात, तुमचा धंदा नेमका कसला? जॉबवर्क, डिझाइन की क्लास? पाटीवर पहिले दोनच आहेत. तिसरं आमच्या गळ्यात पडलं, आणि आता सुटवत नाही.

२०१० साली नोकरी सोडली तेव्हा माझ्याकडं एक कॉम्प्युटर आणि उद्यमनगरात भाड्याची दहा बाय बाराची खोली होती. फौंड्रीवाल्यांची जुनी, घडीवर फाटलेली निळी ड्रॉइंग कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, उतरवून द्यायची, शीटमागं पैसे घ्यायचे. दोन वर्षांनी एक जुना लेथ घेतला. विकणारे मालक वयानं थकले होते, कारखाना बंद करत होते. त्या लेथवर बावीस वर्षं उभे राहिलेले टर्नर मी मशीनसोबतच मागून घेतले. त्यांना सगळे मामा म्हणतात. मीही म्हणतो.

पहिली मोठी ठेच माझीच. एका गिऱ्हाइकानं परदेशी ऑर्डरमधल्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग दिलं होतं. ते थर्ड अँगलमधलं, म्हणजे उजवीकडून दिसणारं चित्र उजवीकडंच काढलेलं; फर्स्ट अँगलमध्ये ते डावीकडं काढतात. आपल्याकडं शाळा-कॉलेजात भारतीय मानकाप्रमाणं फर्स्ट अँगल शिकवतात, अमेरिकेत थर्ड अँगल चालतो. कोणता आहे ते सांगणारी कापलेल्या शंकूची छोटी खूण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात असते. ती खूण परीक्षेत मी दरवर्षी बरोबर काढली होती. त्या दिवशी बघितलीच नाही. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, झाला, अठ्ठेचाळीस कास्टिंग आली, आणि प्रत्येकाचा कान उजवीकडं हवा तो डावीकडं. ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी सारखा असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. मामांनी एक कास्टिंग उचललं, ड्रॉइंगशेजारी धरलं आणि एवढंच म्हणाले, “आरशातलं हाय हे.” बिडाचं एक बरं असतं, ते पुन्हा भट्टीत जातं. पॅटर्नचे आणि भाड्याचे पैसे जात नाहीत, म्हणजे खिशातून जातात, परत येत नाहीत.

त्या तोट्याच्या वर्षात मी एक काम सुरू केलं. ते इथं लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. फायनल इयरचे रेडीमेड प्रोजेक्ट विकले. मुलं चौघंचौघं मिळून यायची, बजेट सांगायची, आम्ही यंत्र बनवून द्यायचो, रिपोर्टसकट. पायानं चालवायचं ऊस सोलायचं एक यंत्र आम्ही पहिल्यांदा हिरव्या रंगात विकलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजची मुलं अगदी तसंच मागायला आली. तिसऱ्या वर्षी एकानं पहिलंच यंत्र टेम्पोत घालून आणलं आणि विचारलं, “सर, निळा मारून देता का? सीनियरकडनं घेतलंय.” मी निळा मारूनही दिला. त्याच महिन्यात आमच्याकडं डिझाइनरच्या जागेसाठी सहा जण मुलाखतीला आले. मी प्रत्येकाच्या हातात माप घ्यायचा व्हर्नियर दिला. तिघांनी तो उलटा धरला. मला राग आला, आणि मग लक्षात आलं की ही तयारी आपणच करून देतोय. तेव्हापासून रेडीमेड बंद. वर्षाचं सत्तर-ऐंशी हजारांचं उत्पन्न गेलं, बायकोनं हिशोब विचारला तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही.

मुलं मात्र यायची थांबली नाहीत. मग अट घातली : यंत्र तुम्ही बनवायचं, मशीन आमचं, मामा तुमचे. तुमचं ड्रॉइंग आधी मी तपासणार नाही. ते घेऊन थेट लेथवर जायचं.

वही तिथून सुरू झाली. सगळ्या वह्यांत मिळून सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न या लेखाच्या डोक्यावर आहे. समजा, एका पट्टीवर ओळीनं पाच भोकं पाडायची आहेत. मुलं माप देतात या भोकापासून त्या भोकापर्यंत, त्या भोकापासून पुढच्या. प्रत्येक मापाला पॉइंट एक मिमीची सूट, म्हणजे तेवढा फरक चालतो. पाचव्या भोकापर्यंत जाईस्तोवर ती सूट साठत साठत पॉइंट चार होते, आणि समोरच्या पार्टचा बोल्ट काही केल्या बसत नाही. मामांना ‘डेटम’ हा शब्द माहीत नाही, पण प्रश्न तोच आहे. सगळी मापं एका कडेपासून धरायची, आणि ती कड कोणती हे जोडणीत काय कशाला टेकतंय त्यावरून ठरवायचं. कॉलेजात तीन तास ऐकून जे शिरत नाही ते इथं एका रिजेक्ट पट्टीत शिरतं. दुसऱ्या नंबरचा प्रश्न : “घट्ट का ढिलं?” शाफ्टवरही २० मिमी लिहिलेलं, भोकावरही २० मिमी. तिसरा : “बोल्ट आत जाणार कुठनं?” कॅडमध्ये बोल्ट हवेतून येऊन बसतो. आमच्याकडं ॲलन की फिरवायला हाताला जागा लागते.

मला विचाराल तर इंजिनीअरिंगच्या मुलांना येत काही नाही ही ओरड खोटी आहे. त्यांना बरंच येतं, पण ते सगळं परीक्षकाच्या नावानं लिहिलेलं असतं. ड्रॉइंग म्हणजे दुसऱ्याला लिहिलेलं पत्र. मामांना ते पोचलं का, एवढंच बघायचं.

सगळ्यांत जास्त शिकवलं ते उसाच्या डोळे काढणी यंत्रानं. आमच्या भागात पूर्ण ऊस कांडी करून लावण्याऐवजी फक्त डोळे (पेरावरचे, कोंब फुटतो ते भाग) काढून, ट्रेमध्ये कोकोपीटवर रोपं करण्याची पद्धत रुळली आहे. डोळ्याची चकती निघाल्यावर उरलेला ऊस गुऱ्हाळाला जातो. काढायचं यंत्र साधं असतं : एक दांडा, त्याच्या टोकाला अर्धगोल पातं, दाबलं की डोळा खाली. तीन मुली आणि एका मुलाच्या गटानं ते सुधारायला घेतलं. पातं धरणारा दांडा बुशच्या नळीत लोण्यासारखा सरकला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. पुस्तकातली सरकती बैठक (भोक आणि दांड्याच्या मापांची जोडी, म्हणजे फिट) बरोबर शोधली : २० एच७ भोक, जी६ दांडा. म्हणजे भोक २०.००० ते २०.०२१, दांडा १९.९८० ते १९.९९३ मिमी. मामांनी भोक रीमरनं नेमक्या मापाला आणलं, दांडा बाहेरून ग्राइंड करून आणला. खरंच लोण्यासारखा सरकला. मुलांनी व्हिडिओ काढला. मीही खूश होतो.

शिरोळ तालुक्यातल्या एका रोपवाटिकेत यंत्र सकाळी नऊला सुरू झालं आणि साडेअकराला अडकलं. उसाचा रस, त्यात मातीची चिमूट, वर ऊन. सात मायक्रॉनच्या (०.००७ मिमी) फटीत हे मिश्रण वाळलं की डिंकच. दांडा हातोडीनं काढावा लागला. तिथल्या मावशी बघत होत्या. एकीनं आपलं जुनं यंत्र पुढं केलं, त्यात दांडा खुळखुळत होता. आम्ही ज्याला झिजलेलं म्हणत होतो तेच दिवसभर चालत होतं.

परत येऊन गटानं दांड्याची बैठक बदलली : एच११ भोक, सी११ दांडा. आता कमीत कमी फट ०.११० मिमी, जास्तीत जास्त ०.३७०. ग्राइंडिंग गेलं, रीमर गेला, साध्या टर्निंगवर काम भागलं. पार्ट स्वस्त झाला आणि चालला. अचूक म्हणजे घट्ट नव्हे, हे मी दहा वर्षं धंदा करून त्या दिवशी त्या पोरांबरोबर शिकलो. कागदावर मलाही एच७-जी६ बरोबरच वाटलं होतं.

दुसरी गोष्ट यंत्राच्या पायांची. मुलांनी टेबलाच्या उंचीचे चार सुंदर पाय लावले होते, पाठ वाकू नये म्हणून. मावशींनी यंत्र बघितलं आणि एक म्हणाली, “बाळा, उभं ऱ्हाऊन दिवसभर कोण कापणार? आमची बैठक बसल्यालीच बरी.” त्या पोत्यावर बसून, ऊस मांडीवर आडवा धरून काम करत होत्या. मजुरी डोळ्यांच्या हिशोबानं, त्यामुळं दर वेळी उठणं-बसणं परवडत नाही. पाय कापले. कापायचं काम मुलांनीच केलं, ग्राइंडर हातात घेऊन, थोड्या नाराजीनं.

अशा वेळी मला किर्लोस्करवाडी आठवते. इथून फार लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ती वसवली. मुंबईत जे. जे. कला शाळेत असताना रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडून ते यांत्रिक ड्रॉइंगकडं वळले, व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलं, बेळगावात सायकली विकल्या आणि मग लोखंडी नांगराच्या मागं लागले. लोखंडानं जमीन बाटेल, या समजुतीनं शेतकरी तो घ्यायलाच तयार नव्हते. ड्रॉइंग शिकवणारा माणूस बांधावर जाऊन शेतकऱ्याशी बोलतो, ही आमच्याच भागातली जुनी वाट आहे. मुलांना ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो आणि ती दरवर्षी मोबाइल बघत ऐकतात.

आता अनेक कॉलेजांत शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपला दिलं आहे. फायदा झालाच. पण “सर, नुसतं सर्टिफिकेट मिळेल का?” असे फोनही वाढले. एका वेळी आठच मुलं घेतो, कारण मामा आठांपेक्षा जास्त जणांवर ओरडू शकत नाहीत. फी घेतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही, वाया जाणारं मटेरियल आणि मोडणारी टूल्स त्यातूनच निघतात. नफा जॉबवर्कमध्ये आहे. पण डिझाइनर म्हणून आमच्याकडं सध्या असलेले चारही जण या वहीतूनच आलेत, आणि नवीन माणूस उभा करायला लागणारं वर्ष वाचतं, ते कोणत्या खात्यात धरायचं हे आमच्या सीएंनाही सुचलेलं नाही.

मामांनी मागच्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. आता ते लेथवर कमी आणि स्टुलावर जास्त असतात. ड्रॉइंग लांब धरून वाचतात, प्रश्न तेच.

डोळे काढणी यंत्राची चौथी आवृत्ती रोपवाटिकांत चालू आहे, आम्ही चाळीस नग विकलेत. पातं परत वर नेणारी स्प्रिंग मात्र अजून तुटते. दोनदा तारेची जाडी बदलली, एकदा वेटोळी वाढवली. तुटते ती नेहमी टोकाच्या हुकाशी, आणि मूळ गट केव्हाच पुण्याला नोकरीला गेला. तुटलेल्या अकरा स्प्रिंगा मी चहाच्या डब्यात जपून ठेवल्यात. जानेवारीत नवी तुकडी आली की डबा त्यांच्या टेबलावर.