पिंकने शेंडा खाल्ला, बुंध्याने फुटवे दिले

चवथीच्या पावसाने घात केला. मागच्या नोंदीत ज्या तेरेतिकॉर्निस निलगिरीचं तोंड भरून कौतुक केलं होतं, त्याचा शेंडा पहिल्या बेचक्याच्या वर पार वाळला. पानं गळलेली नाहीत, तांबूस होऊन तशीच फांदीला लटकताहेत. पिंक रोगाचा, म्हणजे सालीवर गुलाबी पापुद्रा धरणाऱ्या बुरशीचा, हा ठरलेला नमुना. सालीभोवती कडं पूर्ण झालं की वरच्या भागाचं पाणी तुटतं, पानं झडायलासुद्धा सवड मिळत नाही.

शिडी लावून बेचक्यापाशी पोचले तेव्हा सगळ्या अवस्था एकाच फांदीवर बघायला मिळाल्या. वरच्या अंगाला पांढरी रेशमी जाळी, तिच्या कडेला बारीक पुटकुळ्या आणि सावलीच्या बाजूला सलग गुलाबी पापुद्रा. नखाने खरवडला तर खालची साल तपकिरी, पिचपिचीत. त्याच्या खाली चार बोटांवर मात्र साल हिरवीगार आणि ओली. म्हणजे झाड मेलेलं नाही, बेचक्यात गळा आवळला गेलाय.

एरिथ्रिशियम साल्मोनिकलर ही पिंकची बुरशी काही निलगिरीपुरती नाही. रबर, काजू, फणस, लिंबू, तिला सगळं चालतं. केरळच्या भर पावसाच्या पट्ट्यात निलगिरीच्या लागवडीच्या लागवडी हिने बसवल्यात. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्या सत्तरी तालुक्यात घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्त, आणि कुंपणाला काजू. काजूच्या एका सुक्या फांदीवर तोच गुलाबी पापुद्रा सापडलाच. विलायती लोक निलगिरी निवडताना ती किती उणे तापमान सोसते ते बघतात. थंडी सोसणारी गुन्नी ही जात म्हणूनच त्यांची लाडकी. आपल्याकडे परीक्षा आषाढ-श्रावणाची.

आता मुख्य दुखणं, बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप. मे महिन्यातच सगळ्या बेचक्यांना दहा टक्क्यांची पेस्ट फासली होती : १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत वेगळं विरघळवलेलं, चुना वेगळा विझवलेला, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतलेलं. रंग निळा आला, पण आकाशी न येता जरासा हिरवट. घासून लखलखीत केलेली कोयती बुडवून काढली तर पात्यावर तांबूस थर. म्हणजे तांबं मोकळं राहिलंय, साल भाजणार. आणखी चुना घातला, तरी थर. पुन्हा घातला, तेव्हा कुठे पातं स्वच्छ निघालं, पण तोवर पेस्टचं पिठलं झालं होतं.

सुपारीच्या कोळेरोगाच्या फवारणीला शेजारच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, गडी आला होता. त्याने पिशवीतला चुना चिमटीत चोळून बघितला आणि म्हणाला, "वयनी, हो चुनो मेला." खात्री म्हणून एक खडा पाण्यात टाकला. ताज्या कळीचा चुना पाण्यात पडला की फसफसतो, वाफ सोडतो, भांडं हाताला चटका देतं. हा खडा नुसता बुडाला आणि तळाशी भुगा होऊन पडला. दमट हवेत पिशवी उघडी राहिली की चुना हवेतलाच ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, मग तो मोरचुदाला काय आवरणार? बाजारातल्या त्या दुकानदाराला सांगितलं, तर म्हणे सगळे हाच नेतात. माझं मत आता पक्कं झालंय : मोरचूद कुठूनही घ्या, चुना मात्र जिथे पानवाले आणि बागायतदार रोज उचलतात तिथूनच घ्यावा, आणि पैसे मोजण्याआधी एक खडा पाण्यात टाकून बघावा.

पण सगळा दोष चुन्यावर ढकलूनही भागत नाही. जुलैत नवा चुना आणून पावसाच्या उघडिपीत पुन्हा पेस्ट लावली, ती छान बसलीही. ऑगस्टमध्ये बघते तर झाडाखाली सालीचे तुकडे पडलेले आणि प्रत्येक तुकड्यावर माझी निळी पेस्ट! तेरेतिकॉर्निस साल टाकणारं झाड, हे आपल्याला तोंडपाठ. सुपारीचा किंवा काजूचा उपाय याला जसाच्या तसा लागू पडत नाही तो इथे. खोडावरची साल मोकळी होऊन पडते, बेचक्यात मात्र अडकून राहते. तिच्यामागे पाणी आणि कचरा साठतो आणि बुरशीला बसायला आयती जागा मिळते. पेस्टच्या आधी बेचक्यातली सुटी साल काथ्याच्या ब्रशने काढायला हवी. तारेचा ब्रश नको, तो जिवंत सालही ओरबाडतो.

तर ठरवलं होतं असं : उघडीप बघून लागणीच्या खाली हातभर अंतरावर तिरका छाट, वरचं सगळं तिथल्या तिथे जाळायचं, करवत दर छाटाला स्पिरिटने पुसायची आणि खालून येणाऱ्या फुटव्यांतला एक धरून नवा लीडर, म्हणजे मुख्य सरळ शेंडा, तयार करायचा. छाट झालाय. त्यासाठी नवी घडीची करवत मागवली होती. जाहिरातीत मनगटाएवढं लाकूड लोण्यासारखं कापत होती, इथे ओल्या निलगिरीत दोनदा अडकली. शेवटी वाळपईच्या लोहाराने धार लावून दिलेली जुनी धनुष्य-करवतच कामाला आली.

आणि आता खरी मजा. छाटाच्या खाली खोडावर टपोरे लालसर फुटवे आलेत, शिवाय जमिनीलगत लिग्नोट्यूबरवरूनही (बुंध्याची फुटवे देणारी गाठ) झुपका उठलाय. पानं पोरवयाची : रुंद, जोडीने समोरासमोर, उन्हात धरली की आतले तेलाचे ठिपके मोजता येतील अशी. चुरगळून वास घेतला आणि तीन महिन्यांचा वैताग उतरला.

हे लिहितानाच वाटायला लागलंय की लीडरचा हट्ट कशाला? भांडण बेचक्याशी आहे, तर बेचकं होऊच द्यायचं नाही. कॉपिस करायचं, म्हणजे जमिनीपासून वीतभर ठेवून छाटायचं, दरवर्षी नवे सोट. अडचण छाटणीच्या वेळेची. मेमध्ये छाटलं तर कोवळी पानं ऐन पावसात सापडणार आणि कॅलोनेक्ट्रिया बुरशीचा करपा त्यांचा फडशा पाडणार. कार्तिकात छाटलं तर जूनपर्यंत सोट पक्के होतील, पानं निबर होतील, आणि फांद्या फुटायच्या आत पावसाळा अर्धा सरलेला असेल. म्हणजे कार्तिकच. पण तेरेतिकॉर्निसची दोन्ही झाडं एकदम नकोत. रोगट कॉपिसला, कुंपणापासून लांबचं निरोगी आहे ते एकाच खोडावर, बेचकं दिसलं की चिमटून. एक गोष्ट ध्यानात ठेवा : गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, खोड जाडजूड झाल्यावर बुंध्यातून छाटायचं तर आधी वन खात्याची परवानगी. कॉपिस करायचं असेल तर झाड लहान असतानाच मनाशी ठरवलेलं बरं.

बाकीच्या निलगिरींचं थोडक्यात. डेग्लुप्टा मूळची फिलिपिन्स-न्यू गिनीच्या पावसाळी रानातली, तिला हा पाऊस म्हणजे माहेर. खोडावर पहिली हिरवी पट्टी उघडलीय आणि मी रोज सकाळी बघून येते. तिचा प्रश्न फेब्रुवारीनंतर, ठिबक जोडावंच लागणार. लिग्नोट्यूबर नाही, त्यामुळे तिच्यावर कॉपिसचे प्रयोग अजिबात नकोत. सिट्रिओडोरा ठणठणीत. कुंडीतली सिनेरिया ठिपक्यांनी बेजार आहे, तिला आता वळचणीखाली हलवते. इथल्या दमटपणात पुष्पगुच्छाची चंदेरी पानं मिळवायचा हट्ट मी सोडलाय. लेप्टोसायबे या गाठी करणाऱ्या किडीच्या गाठी यंदा नव्या पानांच्या शिरांवर एकही नाही. पावसाने धुतल्या की परजीवी माश्यांनी काम केलं, देव जाणे.

चुना या आठवड्यात आणते. सुपारीवाले बोर्डोत राळ घालतात, फवारा पावसात टिकावा म्हणून. दोडामार्ग-सावंतवाडीकडे कोणी ती निलगिरीच्या गुळगुळीत सालीवर वापरून पाहिली असेल तर प्रमाण कळवा. काजूची ती फांदी काढली की लगेच दुसऱ्या झाडाच्या बेचक्यांना पेस्ट लावायचीय.