प्रार्थना मंदिरामागची वांगी

आमच्या गावात संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला तीच ती मंडळी असतात. म्हातारेकोतारे, चार बाया आणि आजीसोबत आलेली पोरं. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. सगळ्या जातीधर्मांच्या लोकांनी एका सतरंजीवर बसावं, हा सामुदायिक प्रार्थनेमागचा त्यांचा हेतू. आमची सतरंजी मात्र अर्धी रिकामीच. नाल्यापलीकडची घरं तर इकडे फिरकायचीही नाहीत.

मंदिरामागे ही प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या मंडळाची चार गुंठे जागा आहे. तिचा उकिरडा झाला होता. पन्न्या, फुटक्या बाटल्या, बेशरमाची झुडपं. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडू हाती घेत आणि कीर्तन रात्री करत, हे आम्ही दर २० डिसेंबरला त्यांच्या पुण्यतिथीच्या भाषणात ऐकत आलो. एका वर्षी भाषण ठेवलंच नाही. सगळ्यांना फावडी-टोपली घेऊन बोलावलं. तिथून ही बाग सुरू झाली.

उकिरड्याखालची माती कसदार निघाली. पाणी विकत घ्यावं लागलं नाही. हापशीच्या ओट्यावरून वाया जाणारं पाणी नाली काढून बागेत वळवलं. वांगी, भेदरं (टमाटे), पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) लावलं आणि कुंपणावर वालाचा वेल सोडला. खत म्हणून जीवामृत. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या, नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं माप एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असं आहे. आमच्या चार गुंठ्यांना त्याचा दहावा हिस्सा पुरतो. ते पातेल्यात ढवळताना एक काकू दर वेळी हळहळतात, "पावभर बेसन मातीत घालता व! भजे झाले असते."

भाजी विकायची नाही हे आधीच ठरलं होतं. वाटायची कशी, यावर मात्र खूप वाद झाला. एक म्हणाले, वही ठेवा, कोणी किती नेलं ते लिहा. मी अडून बसले. नाव लिहायचं म्हटलं की खरी गरज असलेलं माणूसच येत नाही. शेवटी पहाटे ध्यानाच्या आधी टोपली ओट्यावर ठेवायची आणि आपण आत जाऊन बसायचं, असं ठरलं. बाहेर कोण आलं, कोणी काय उचललं, ते पाहायचं नाही. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया जाता जाता डब्यापुरती मेथी नेतात. बागाईतदाराच्या घरची एक बाईसुद्धा चांगली टपोरी वांगी निवडून नेते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. नेऊ दे. तिच्यासाठी पहारा बसवला तर बाकीच्यांवरही बसेल.

नाल्यापलीकडची एक चाची असंच एकदा कोथळीभर लाल अंबाडीचं बी घेऊन आली. "तुमच्याकडं सगळं हाय, अंबाडी काऊन नाई?" म्हणाली. तेव्हापासून निंदणाला ती आणि तिच्या सुना येतात. प्रार्थनेला बसत नाहीत, आम्ही या म्हणतही नाही. मंडळातल्या दोघा-तिघांना हे खटकतं. मग उपयोग काय, असं विचारतात. मला विचाराल तर खुरपं घेऊन एका वाफ्यात बसणं हेही सतरंजीवर बसण्याइतकंच आहे. पण हे मी मंडळात फार बोलत नाही, नाहीतर बैठक लांबते.

उन्हाळ्यात हापशी कोरडी पडते, तेव्हा बाग बंद. फक्त शेणखत टाकतो आणि बी राखेत घोळून मडक्यात ठेवतो. यंदा अंबाडीच्या बियांना कीड लागली, अर्धं बी गेलं. आश्विनात महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला येणार असाल आणि घरी गावरान अंबाडीचं बी असेल, तर पुडी बांधून आणा. आमच्याकडं काटेरी वांग्याचं बी भरपूर आहे, बदल्यात ते घेऊन जा.