कुणी मागितलं नव्हतं

वहिनीनं ते मंगळसूत्र बाहेर का काढलं, हे काही केल्या डोक्यातून जाईना. एसटीत चढताना तिनं ते ब्लाऊजच्या आत घातलं होतं, गर्दीत नेहमीच घालते. मिरजेत त्या दवाखान्यात आमचा नंबर आला, काउंटरमागची मुलगी अजून मान खाली घालून आधीच्या पेशंटची पावती फाडत होती, आणि हिनं दोन बोटांनी ते बाहेर ओढलं, उलटी झालेली वाटी सरळ केली, पदरावर नीट बसवलं आणि मग तोंड उघडलं. पाळी चुकलीय, ठेवायचं नाहीय म्हणून.

कुणी मागितलं नव्हतं तिला.

ती मुलगी म्हणाली, अबॉर्शन का? मिस्टर आलेत का? त्यांची सही लागती. हे सगळं बाकड्यांवर बसलेल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तिथं आमच्याच बाजूचं कुणी बसलेलं असतं तर संध्याकाळपर्यंत विट्यात सगळ्यांना कळलं असतं, आणि आईला तर अजून काहीच सांगितलेलं नाही, ते जाऊदे. मी म्हणलं, अगं अठराच्या वरच्या बाईची स्वतःची सही पुरते, फॉर्म सी म्हणजे संमतीच्या कागदावर, नवऱ्याची कुठंच लागत नाही. आणि बाईचं नाव असं चारचौघांत फोडायचं नसतं, गर्भपाताच्या कायद्याच्या नव्या दुरुस्तीत डॉक्टरला त्याबद्दल एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. ती चिडली नाही. म्हणाली, मॅडम तुमचं बरोबर असंल, पण आमच्याकडं घेतात, उद्या कोण भांडायला आलं तर? मग पुढचा प्रश्न, आधीच्या किती? दोन. दोन्ही मुलीच? आणि वहिनीकडं जे बघितलं तिनं!

ते बघणं कुठून येतं हे मला माहीत आहे. मिरजेपासून म्हैसाळ कितीसं लांब आहे. २०१७ च्या मार्चमध्ये एक बाई गर्भपातात गेली, त्याचा तपास करताना तिथं ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा आठवडाभर आमच्या घरात कुणाला नीट जेवण गेलं नव्हतं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली 'नकोशी' नाव ठेवलेल्या २८५ मुलींना समारंभ करून नवीन नावं दिली होती. आपल्याकडं हे झालंय आणि अजून होतंय, त्याचा मला मनापासून संताप येतो. पण वहिनीला सातवा आठवडा संपत आलेला. सातव्या आठवड्यात सोनोग्राफीवर मुलगा का मुलगी कुणालाच दिसत नाही, ते बरंच पुढं, तिसरा महिना उलटल्यावर. मग दोन मुलींच्या आईकडं तसं कशासाठी बघायचं? लिंगनिदानाचा १९९४ चा कायदा वेगळा, गर्भपाताचा १९७१ चा वेगळा, लिंगनिदान पकडायचं तर सोनोग्राफीच्या मशीनवर लक्ष ठेवा ना, तांबी काढल्यावर दिवस गेलेल्या बाईला कशाला धरता.

दादा कोइमतूरला. गलाईचं, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करायचं, दुकान सोडून सहीसाठी यायचं म्हणजे रेल्वेचं तिकीट मिळण्यापासून सुरुवात. दवाखान्यातूनच फोन लावला तर म्हणतो, माझी सही कशाला, तिला विचारा की. ते काउंटरवर ऐकवलं, उपयोग नाही, स्वतः हजर पाहिजे म्हणे. आमच्या खानापूर-आटपाडीकडच्या किती घरांतले पुरुष असे सोन्याचांदीच्या गलाईला चार राज्यं पलीकडं आहेत, त्यांच्या बायकांनी काय करायचं? तो येईपर्यंत थांबायचं तर दहावा आठवडा लागणार. नवव्यापर्यंत गोळ्यांवर होतं, पुढं गेलं की पिशवीतून काढायचं, म्हणजे टेबल, भूल, जास्त पैसे, एक दिवस घराबाहेर आणि ते घरी काय सांगून. म्हणजे एका सहीपायी बाईचं काम अवघड करून ठेवायचं, आणि वर तिलाच विचारायचं, एवढे दिवस काय करत होतीस.

बाहेर आल्यावर एका मेडिकलमध्ये विचारलं, चिठ्ठी मिळाली तर गोळ्या मिळतील का. आम्ही ठेवतच नाही ताई, हिशोब द्यावा लागतो एकेका पाकिटाचा.

रात्री पडल्या पडल्या परत तेच. वहिनीकडं काढून दाखवायला काहीतरी होतं. मी काय काढलं असतं बाहेर? चौतीस संपलं, गळ्यात काही नाही, आणि मिस्टर कुठायत या प्रश्नाला माझ्याकडं कोइमतूरचासुद्धा पत्ता नाही. मला खूप रडू आलं, वहिनीसाठी का माझ्यासाठी ते मलाच कळंना. त्या वर्षीचं मी इथं लिहिणार नाही. फक्त एवढंच की तेव्हा कायद्यात गर्भनिरोधक फसल्याचं कारण लग्नाच्या बाईलाच होतं, २०२१ च्या दुरुस्तीनं 'नवरा' काढून 'जोडीदार' घातला, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २० ते २४ आठवड्यांतल्या गर्भपाताच्या सवलतीतून बिनलग्नाच्या बाईला वगळता येणार नाही. ती बातमी मी ऑफिसात डबा खाताना वाचली होती. परत परत वाचली होती.

तर ते मंगळसूत्र. मला आधी वाटलं भीती. मग वाटलं सवय. आता वाटतंय की मूळ कायद्यातच ते आहे. गर्भपात आपल्याकडं अजून गुन्हाच आहे, आधी पीनल कोडात ३१२ होतं, आता न्याय संहितेत ८८, आणि त्यात बाई स्वतःसुद्धा येते. १९७१ चा कायदा म्हणजे त्यातून अमुक कारणाला, अमुक आठवड्यापर्यंत, डॉक्टरला पटलं तर दिलेली सूट. मला नको आहे, एवढं बाईनं म्हणून भागत नाही, ते डॉक्टरनं लिहायचं असतं. मग जामीन मागायला उभं राहिल्यासारखी बाई उभी राहते आणि आपण चांगल्या घरच्या आहोत हे आधी दाखवते. वहिनीनं यातलं एक कलम वाचलेलं नाही, पण तिच्या हाताला बरोबर माहीत होतं. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं नाही, उलट बाया घरोघरी काड्या घालून मरत होत्या म्हणूनच तो आला. तरी मला ती सूट पुरत नाही. हक्क पाहिजे, साधा.

सांगलीत मैत्रिणीनं सांगितलेल्या डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी मला बाहेर बसवलं, वहिनीशी एकटीशी बोलल्या, सोनोग्राफी, रक्ताचा रिपोर्ट, तिची सही, झालं. एक गोळी तिथंच, बाकीच्या दोन दिवसांनी, किती रक्तस्राव झाला तर घाबरायचं आणि धावत यायचं ते कागदावर मराठीत लिहून दिलं. वर स्वतःचा मोबाईल नंबर. म्हणाल्या, रात्री दोनला पण कर. खर्च ऐकून मात्र वहिनीचा चेहरा उतरला, भिशीचे पैसे मोडले तिनं. सरकारी दवाखान्यात फुकट होतं, पण तिथं ओळखीचं कुणीतरी भेटेलच ही धास्ती.

काल तिला विचारलंच, तू ते बाहेर का काढलंस. भाकरी थापत होती. म्हणाली, काढलं होतं का? मला न्हाई आठवत वन्सं. आणि खरंच आठवत नव्हतं तिला, चेहऱ्यावरून कळलं. मग मीच एकटी इतक्या रात्री ते घेऊन बसलेय. बसू दे. तिला त्रास नाही ना, पोटात दुखत नाही, तपासणीला पुढच्या आठवड्यात जायचंय, पोरींच्या शाळेचं सुरू आहे. माझा राग माझ्यापाशी राहील, त्याला आता मी हाकलत नाही.

दादाला म्हणलं, तिकडं आपल्या भागातले जेवढे गलाईवाले आहेत त्यांना सांगून ठेव, तुमच्या सहीवाचून काही अडत नाही, अडवलं तर दुसरा डॉक्टर बघा पण दिवस घालवू नका. त्याला लाज वाटत होती, बघतो म्हणला आणि फोन ठेवला. आज दुपारी दोन अनोळखी नंबरवरून फोन आले, दोघंही पुरुष, दोघांचा आवाज एकदम बारीक, आणि दोघांनी एकच विचारलं, ताई, गोळ्या कितव्या आठवड्यापर्यंत चालतात?